मल्हारासाठी टेप : ग्वाल्हेरच्या एका घरातलं स्पूल-खरेदीचं प्रकरण

आमच्या आत्याला मोबाइलसमोर गाता येत नाही. दोन-तीनदा प्रयत्न करून पाहिला. फोन समोर ठेवला की ती एक आवर्तन म्हणते आणि थांबून विचारते, "अरे, चालू आहे ना ते?" स्पूलच्या टेपरेकॉर्डरसमोर मात्र ती मोकळी बसते. डावं स्पूल उतरतंय, उजवं चढतंय, हे तिला डोळ्यांनी दिसतं. किती टेप उरली याचा अंदाज घेत ती विस्तार लांबवते किंवा आवरता घेते. याच यंत्रासमोर ती पूर्वी कितीतरी वेळा गायली आहे. म्हणून तिचं गाणं घ्यायचं तर टेपवरच, हे घरात ठरलं. टेप चांगली की डिजिटल चांगलं, हा वाद आमच्यापुरता तिथेच मिटला.

हे प्रकरण त्या टेपच्या खरेदीचं आहे. खरेदी तीनदा झाली आणि मधल्या खरेदीपायी एक मोलाचं गाणं अर्धंमुर्धं हातचं गेलं. सविस्तर लिहितोय, कारण माळ्यावरची अशी यंत्रं खाली उतरवून घरच्या माणसांचा आवाज टेपवर घेण्याची इच्छा असणारे बरेच जण आहेत, आणि टेप घेताना मी जिथे घसरलो तिथेच ते घसरतात.

परिस्थिती

आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात, दौलतगंजातल्या जुन्या वाड्यात राहतो. आत्या ७९ वर्षांची. भातखंड्यांच्या पुढाकारानं आणि माधवराव शिंद्यांच्या आश्रयानं १९१८ मध्ये सुरू झालेल्या इथल्या संगीत विद्यालयात ती शिकली. जाहीर मैफिली तिनं केल्या नाहीत, पण ख्याल, टप्पा, तराणा, अष्टपदी हे सगळं ग्वाल्हेरच्या पद्धतीनं तिच्या गळ्यात आहे. आम्हाला सगळ्यात आधी हवे होते तिचे मल्हार, म्हणजे पावसाळ्यातले राग. गौड मल्हारातला तिचा संथ लयीतला बडा ख्याल आणि त्याला जोडून येणारी जलद लयीतली द्रुत बंदिश, म्हणजे छोटा ख्याल, तिच्या गुरूंकडून तिला जशी मिळाली, तशी आमच्या ओळखीत दुसऱ्या कुणाकडे नाही.

अडचण अशी की आत्या मल्हार पावसातच गाते. हिवाळ्यात गा म्हटलं तर ती नुसती बघत राहते. म्हणजे ध्वनिमुद्रण आषाढ ते भाद्रपद याच काळात व्हायला हवं, आणि टेपला सगळ्यात वाईट काळ तोच. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, हवा कोरडी ठक्क असते. मग पाऊस पडला की महिनाभरात कपाटातल्या पुस्तकांना ओल चढते. टेप वर्षानुवर्षं या दोन टोकांमध्ये हेलकावत राहते.

यंत्र अकाईचं, जीएक्स ४०००डी. काकांनी १९७९ साली कुवेतहून आणलेलं. सात इंची स्पूल, सेकंदाला १९ सेंटिमीटर आणि साडेनऊ सेंटिमीटर अशा दोन गती, तीन हेड (टेपवरचा आवाज खोडणारं, उमटवणारं आणि वाचणारं), एक मोटर. हेड काचेत बसवलेल्या फेराइटचे असल्यानं इतक्या वर्षांनंतरही फारसे झिजलेले नाहीत. बेल्ट आणि रबरी रोलर बदलावे लागले. ते काम इथल्या बाडा चौकाजवळच्या एका जुन्या रेडिओ मिस्त्रींनी केलं. त्यांचा उल्लेख पुढे येईल.

यंत्राबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. अमेरिकेतून आलेलं यंत्र तिथल्या ६० हर्ट्झच्या विजेवर चालायला बनवलेलं असतं. ज्यात मोटरची गती विजेच्या आवर्तनांना बांधलेली असते, ते आपल्या ५० हर्ट्झवर सहाच्या जागी पाचच्या गतीनं चालतं. त्यावर तिथली टेप लावली तर पांढरी पाचचा तानपुरा पांढरी तीनमध्ये ऐकू येतो. टेप घ्यायच्या आधी एवढं तपासून घ्यावं, नाहीतर दोष टेपच्या माथी मारला जातो. आमचं यंत्र कुवेतचं, आणि तिथली वीजही ५० हर्ट्झची, म्हणून तो प्रश्न आला नाही.

ख्याल किती लांब, टेप किती लांब

टेप घेताना पहिला प्रश्न कंपनीचा नसतो, लांबीचा असतो. हे मला उशिरा कळलं.

घरगुती टेपची रुंदी पाव इंच. जाडीवरून तिचे प्रकार पडतात. सर्वांत जाड ५० मायक्रॉनची, तिला स्टँडर्ड प्ले म्हणतात. मग ३५ मायक्रॉनची लाँग प्ले आणि २६ मायक्रॉनची डबल प्ले. १८ मायक्रॉनची ट्रिपल प्लेही होती, पण ती इतकी लेचीपेची असते की तिचा विचारच करू नये. टेप पातळ असेल तर त्याच स्पूलवर जास्त मावते. सात इंची स्पूलवर जाड टेप १२०० फूट बसते, म्हणजे १९ सेंटिमीटरच्या गतीला ३२ मिनिटं. लाँग प्ले साधारण ५४० मीटर, म्हणजे ४७ मिनिटं. डबल प्लेवर तासाच्या वर जाता येतं.

आत्याचा गौड मल्हार, बडा आणि छोटा ख्याल मिळून, चाळीस मिनिटांच्या आसपास जातो. तो ३२ मिनिटांत मावत नाही. डबल प्लेवर ऐसपैस मावेल, पण ती टेप ताणली जाते, आणि तिच्या एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर जास्त उमटतो. भरलेल्या सात इंची स्पूलचा बाहेरचा एक वेढा जवळपास ५३ सेंटिमीटरचा, म्हणजे पावणेतीन सेकंदांचा. नुसता तानपुरा चालू आहे आणि आत्याचा पहिला सा यायला अजून पावणेतीन सेकंद आहेत, तोच तो सा पुसट, भुतासारखा आधी ऐकू येतो. मी काकांच्या एका जुन्या डबल प्ले स्पूलवर हे ऐकलं आहे, आणि एकदा ऐकलं की मग कान तिकडेच लागतो.

अर्धी गती ठेवून वेळ दुप्पट करता येते. पण साडेनऊवर टेपची सळसळ वाढते आणि तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची किणकिण, बोथटते. चार ट्रॅकचं यंत्र म्हणजे आधीच प्रत्येक ट्रॅकची पट्टी अरुंद, त्यात गती कमी करणं परवडत नाही.

तेव्हा हिशोब सरळ होता: ३५ मायक्रॉन, ५४० मीटर, १९ सेंटिमीटर, एकाच बाजूला. हा हिशोब मी कागदावर मांडला होता. आणि तरीही दुसऱ्या खरेदीत तो बाजूला ठेवला.

पहिली खरेदी : भंगारातला लॉट

एप्रिलमध्ये ओळखीच्या एका भंगारवाल्याकडे अकरा स्पूल आले. कुठल्याशा बंद झालेल्या घरातले होते. दोन हजारांत सगळे घेतले, कारण रियाझासाठी आणि यंत्र तपासण्यासाठी काहीतरी हवं होतं. एवढी खरेदी मी आजही योग्य मानतो. फक्त असा लॉट कसा निवडायचा ते माहीत हवं.

पहिली परीक्षा उजेडाची. स्पूल खिडकीसमोर आडवं धरून टेपच्या गुंडाळीतून बघायचं. तपकिरी उजेड आरपार आला तर ती अ‍ॅसिटेटची जुनी टेप. पॉलिएस्टरची टेप अशी धरली की अंधारी दिसते. अ‍ॅसिटेट ताणल्यावर लांबत नाही, कट्कन तुटते. ते एका परीनं बरं, कारण तुटलेली टेप नीट जोडता येते. पण ती वयानं आंबते. तीन स्पूल अ‍ॅसिटेटची निघाली आणि त्यातल्या एकाचा डबा उघडताच व्हिनेगरचा भपकारा आला. ते स्पूल त्याच दिवशी वेगळ्या खोलीत ठेवलं, कारण ती आम्लाची वाफ शेजारच्या टेपलाही सडवते.

दुसरी परीक्षा कडांची. गुंडाळीची बाजू सपाट, गुळगुळीत दिसायला हवी. दोन स्पूलांच्या कडा झालरीसारख्या लहरल्या होत्या. अशी टेप हेडला नीट टेकत नाही आणि कडेच्या ट्रॅकवरचा आवाज येत-जात राहतो. ती दोन्ही बाद केली.

उरलेल्या सहांपैकी पाचांवर रेडिओवरून उतरवलेली गाणी होती. ती दोन ट्रॅकच्या मोनो यंत्रावर भरलेली. आमच्या यंत्राचं खोडणारं हेड फक्त आपल्या पट्ट्या खोडतं, मधल्या जागेतलं जुनं तसंच राहतं, आणि शांत जागी खालच्या सुरात कुणीतरी दाराआड बोलत असल्यासारखं ऐकू येतं. मिस्त्रींकडे सबंध स्पूल एकदम खोडायचं विजेवरचं यंत्र होतं. त्यांनी ती पाचही टेप कोरी करून दिली.

सहाव्या स्पूलवर बारसं होतं. बायका पाळणा म्हणताहेत, मध्येच भांडं पडल्याचा आवाज, कुणीतरी म्हणतं "हळू गं, उठेल ती", आणि मग आत्या कानात नाव सांगते आणि सगळ्या हसतात. आमच्या आत्यानं ते दोनदा लावायला सांगितलं. ते स्पूल आम्ही खोडलं नाही. घर कुणाचं ते भंगारवाल्याला सांगता येईना, म्हणून मी चार मराठी मंडळांत निरोप ठेवला आहे. जुनी टेप घेणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे की खोडण्याआधी ती पूर्ण ऐका. तो आवाज दुसरीकडे कुठेही नसण्याचीच शक्यता जास्त.

दुसरी खरेदी : सीलबंद डबे

जूनच्या शेवटी मुंबईच्या एका विक्रेत्याकडे सहा डबे मिळाले. स्टुडिओत वापरायची अमेरिकन टेप, १९८०च्या दशकातली, कधीही न उघडलेली, प्लास्टिकचं वेष्टन शाबूत. भाव नव्या टेपच्या निम्म्याहून कमी. विक्रेत्याचं किंवा टेपचं नाव इथे लिहीत नाही. त्यानं फसवलं असं मला वाटतही नाही, सीलबंद माल त्यानं सीलबंदच दिला.

टेप ५० मायक्रॉनची होती, ३२ मिनिटांची. मी स्वतःला समजावलं की स्टुडिओचा माल आहे, जाड आहे, टिकेल. आत्याला म्हटलं, "बडा ख्याल तेवढा तीस मिनिटांत बसव, द्रुत दुसऱ्या स्पूलवर घेऊ." ती काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे तिला पटलं नाही, हे मला कळायला हवं होतं. चाळीस मिनिटांच्या ख्यालाला टेपच्या मापानं कापायला सांगणं चूकच होतं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झड लागली. आत्या सकाळीच म्हणाली, "आज गाईन." मी डबा उघडला, टेप लावली, तबल्याला शेजारचा मुलगा बसला, तानपुऱ्यावर बहीण. आत्या त्या दिवशी अशी गायली की मी कानावरचे हेडफोन काढून नुसता ऐकत बसलो. निषादावरून धैवतावर येताना ती थोडी रेंगाळते, तिथे बाहेरचा पाऊस आणि ती एकच वाटत होती.

विसाव्या मिनिटाला यंत्रातून किंचाळल्यासारखा आवाज आला. उजवं स्पूल अडखळलं, थांबल्यासारखं झालं, पुन्हा ओढलं गेलं. आत्या थांबली.

मागे नेऊन ऐकलं. पहिली सहा-सात मिनिटं स्वच्छ. मग आधी जवारी गेली. तानपुरा आहे, पण त्यातली ती किणकिण नाही. मग तबल्याची चाट, म्हणजे काठावरचा टणक बोल, गेली. पंधराव्या मिनिटापर्यंत आत्याचा आवाज रजईखालून येत होता आणि शेवटी सूर हलत होता.

माझी खरी चूक इथे होती. या यंत्राला तीन हेड आहेत ते उगीच नाहीत. रेकॉर्डिंग हेडच्या पुढे वाचणारं हेड आहे, आणि बटण टेपच्या बाजूला ठेवलं तर टेपवर नुकतं उमटलेलं क्षणभरानं कानावर येतं. मी बटण माइकच्या बाजूला ठेवलं होतं. टेपकडून ऐकलं असतं तर आठव्या मिनिटाला कळलं असतं, आणि आत्याला थांबवून दुसरी टेप लावता आली असती.

निदान

मिस्त्रींकडे यंत्र आणि स्पूल दोन्ही नेलं. त्यांनी कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून हेडवर फिरवली आणि माझ्यासमोर धरली. काडीवर काळपट तपकिरी चिखल होता, काजळ तुपात कालवल्यासारखा. मग त्यांनी स्पूल उभं धरून टेपचं टोक मोकळं सोडलं आणि स्पूल हळूहळू फिरवलं. चांगली टेप अशी फिरवली की आपोआप सुटून खाली लोंबते. ही गुंडाळीला धरून बसली, थोडी वर चढली, आणि मग चिकटपट्टीसारखी सुटली. त्यांनी बोट पुसत म्हटलं, "भैया, ये फीता नहीं रहा, गोंद हो गया है।"

कारण असं. टेप म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर. तो थर पट्टीला धरून ठेवणारं जे द्रव्य असतं त्याला बाइंडर म्हणतात. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून पुढे बऱ्याच टेपांत जे पॉलियुरेथेनचं बाइंडर वापरलं गेलं, ते हवेतली ओल शोषतं आणि पाण्यानं तुटत जातं. तुटलेला भाग चिकट होऊन वर येतो आणि हेडवर, टेपला वाट दाखवणाऱ्या खांबांवर, रोलरवर साचतो. याला स्टिकी शेड म्हणतात. स्टुडिओच्या टेपच्या पाठीला गुंडाळी नीट बसावी म्हणून काळा खरखरीत लेप देत, आणि हा रोग मुख्यतः अशाच टेपांत दिसतो. अँपेक्स ४०६ आणि ४५६, स्कॉच २२६ आणि २२७ ही नावं ध्वनिसंग्रह सांभाळणाऱ्या लोकांना याच कारणानं पाठ असतात. त्याच काळातल्या बीएएसएफच्या टेप सहसा धडधाकट निघतात, आणि त्याआधीच्या साध्या, पाठीला लेप नसलेल्या घरगुती टेपही. म्हणून भंगारातली माझी पाच स्वस्त स्पूलं आजही चालतात आणि स्टुडिओचे सीलबंद डबे गेले. वेष्टनानं काही अडत नाही. ओल कित्येक वर्षं हळूहळू आत जातच असते.

अशा टेपला वाचवायचा सर्वांत परिचित उपाय म्हणजे मंद आचेवर भाजणं. साधारण ५४ अंश सेल्सियसला आठ तास किंवा अधिक. अँपेक्सनेच या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. भाजल्यानं बाइंडर काही आठवडे, फार तर काही महिने ताळ्यावर राहतं, तेवढ्यात टेप वाजवून दुसरीकडे उतरवून घ्यायची. अ‍ॅसिटेटची टेप कधीही भाजायची नाही, ती वाकडी होऊन कायमची जाते. घरच्या गॅसच्या किंवा विजेच्या ओव्हनमध्येही नाही, कारण तिथला काटा दहा-वीस अंशांनी खुशाल फिरतो. कुणी सुचवलं होतं की मेमध्ये गच्चीवर ठेव. तेही नाही. ऊन कमी-जास्त होतं आणि एका बाजूनं लागतं.

ओळखीच्या एका प्रयोगशाळेत काचेची भांडी वाळवायचा हॉट एअर ओव्हन होता, अंशागणिक ताबा असलेला. तिथे ५४ अंशांवर आठ तास ठेवलं, चार तासांनी उलटं केलं, आणि तितकाच वेळ बंद ओव्हनमध्ये निवू दिलं. टेप सुरळीत वाजली, किंचाळणं बंद झालं, सूर स्थिर झाला. पण जवारी परतली नाही. परतणारही नव्हती. रेकॉर्ड होतानाच हेडवर चिखल चढत गेला होता, त्यामुळे वरचे स्वर टेपवर उमटलेच नव्हते. भाजल्यानं टेपवर असलेलं वाचतं, नसलेलं येत नाही. सात मिनिटं उत्तम, आठ-नऊ मिनिटं ऐकण्याजोगी, बाकीचं केवळ आठवणीसाठी, असा तो गौड मल्हार आज आमच्याकडे आहे.

उरलेले पाच डबे मी कुणाला विकले नाहीत. भाजून त्यांवर नवीन काही भरणं म्हणजे त्याच खड्ड्यात पुन्हा पडणं, आणि दुसऱ्याला देणं म्हणजे त्याला त्यात पाडणं. टेप काढून टाकली, स्पूल आणि डबे ठेवले.

तिसरी खरेदी : नवी टेप

नवी टेप आजही बनते, हे पुष्कळांना माहीत नसतं. २००५ च्या सुरुवातीला अमेरिकेतला अलाबामातला क्वांटेजीचा कारखाना, म्हणजे पूर्वीच्या अँपेक्स टेपचा, बंद पडला तेव्हा जगभरचे स्टुडिओ उरलेल्या टेपांसाठी धावले होते. त्यानंतर पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कमध्ये एटीआर मॅग्नेटिक्स उभी राहिली. आणि युरोपात बीएएसएफ आणि आग्फाची परंपरा हात बदलत बदलत फ्रान्समध्ये नॉर्मंडीतल्या आव्रांश गावी पोचली. तिथे रेकॉर्डिंग द मास्टर्स या नावानं टेप तयार होते. त्यांची एसएम ९०० आणि एसएम ९११ या ५० मायक्रॉनच्या, स्टुडिओच्या मोठ्या यंत्रांसाठी. एलपीआर ३५ ही ३५ मायक्रॉनची, बीएएसएफच्या काळापासून चालत आलेली. माझ्या कागदावरच्या हिशोबाला नेमकी तीच जुळत होती.

इथे एक मोह होतो, तो टाळावा. जास्त जोराचा आवाज पेलणारी स्टुडिओची टेप घेतली तर घरच्या यंत्रावर जास्त चांगलं येईल, असं वाटतं. तसं होत नाही. त्या टेपला बायस (रेकॉर्डिंग हेडला आवाजाबरोबर द्यायचा प्रवाह, त्याबद्दल पुढे) जास्त लागतो, आणि घरच्या यंत्राला तेवढा देता येईलच असं नाही. शिवाय एका मोटरच्या यंत्राला जाड टेप हेडभोवती घट्ट ओढून धरणं जड जातं. ३५ मायक्रॉनची लवचीक टेप हेडला अंगासरशी बसते.

तीन स्पूल मागवली. कुरियर आणि सीमाशुल्क धरून मूळ किमतीत जवळपास निम्मी भर पडली, आणि माल यायला पाच आठवडे लागले. भंगाराचा लॉट आणि सीलबंद डबे मिळून जेवढे गेले त्याहून जास्त या तीन स्पूलांना लागले. पण आत्याचा आवाज दर वर्षी थोडा थोडा उतरतोय, आणि पावसाळा वर्षातून एकदाच येतो. जे गाणं पुन्हा गाऊन घेता येत नाही ते नव्याच टेपवर घ्यायचं, असं आता आमच्या घरी ठरलं आहे. जुनी टेप रियाझाला, तपासणीला, बारशाला.

बायस आणि दुसरा प्रयत्न

टेप आल्यावर लगेच वापरली नाही. रेकॉर्डिंग हेडला आवाजाबरोबर कानाला न ऐकू येणारा, लाख-एक हर्ट्झच्या आसपासचा प्रवाह देतात, तो बायस. तो नसेल तर आवाज फाटका उमटतो. प्रत्येक टेपला तो किती हवा ते वेगळं असतं, आणि आमचं यंत्र १९७०च्या दशकातल्या टेपवर बेतलेलं. मिस्त्रींनी मागचं झाकण काढलं, मी फोनमधून १० किलोहर्ट्झचा बारीक सूर सोडला, आणि ते पेचकसानं बायस हळूहळू वाढवत गेले. टेपवरून परत येणारा सूर मीटरवर वाढत गेला, शिखराला पोचला, मग उतरू लागला. शिखरापासून दोन-तीन डेसिबल खाली आल्यावर त्यांनी हात थांबवला. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना मिळून तासभर लागला. त्याआधी पाऊण तास त्यांनी फक्त हेड, खांब आणि रोलर पुसले, आणि हेडमधलं साचलेलं चुंबकत्व उतरवलं.

तोवर उत्तरा नक्षत्र लागलं होतं. पाऊस जायच्या बेतात. मी आत्याला काही विचारलं नाही. एका दुपारी आभाळ भरून आलं तशी तीच म्हणाली, "लाव तुझं ते. आणि मला मिनिटं सांगू नकोस."

या वेळी बटण टेपच्या बाजूला, हेडफोन कानावर. यंत्राच्या आउटपुटमधून एक लहान डिजिटल रेकॉर्डरही जोडला होता. आत्याला तो दाखवून, तिला विचारूनच. ती म्हणाली, "असू दे, त्याच्याकडे मी बघणार नाही." नव्या टेपचे पहिले काही वेढे मी कोरे सोडले, कारण सुरुवातीची टेप हाताळणीत मळते. मग पावणेतीन मिनिटं नुसता तानपुरा. मग तिचा सा आला. त्याच्या आधी कुठलंही भूत नाही.

४१ मिनिटं. बडा ख्याल कुठेही न कापता, मग द्रुत. तबल्याची चाट शेवटच्या तिहाईपर्यंत तशीच टोकदार. उतरवून झाल्यावर हेड पुसलं तर काडी जवळजवळ पांढरीच निघाली. ती काडी मी आत्याला दाखवली, तिनं कौतुकानं पाहिली.

टेप उलटी गुंडाळली नाही. वाजल्यावर ती उजव्या स्पूलवर जशी सावकाश आणि सारखी चढली होती तशीच ठेवली, शेवट बाहेर. असं ठेवलं की वेढ्या-वेढ्यांत उमटणारा पुसट आवाज मुख्यतः खऱ्या आवाजाच्या मागे येतो आणि त्यातच झाकला जातो. ऐकायची असेल तेव्हा आधी मागे न्यायची. डबा प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलची पुडी घालून, आतल्या खोलीतल्या लाकडी कपाटात उभा ठेवला आहे. इन्व्हर्टर आणि स्पीकर दोन्ही त्या भिंतीपासून दूर आहेत.

डब्यावर आत्यानं स्वतः लिहिलं: गौड मल्हार, विलंबित व द्रुत, तारीख, १९ सें.मी., आणि खाली अधोरेखित करून "शेवट बाहेर". या स्पूलवर अजून सहा मिनिटं कोरी आहेत. काफी रागातला एक टप्पा त्यात बसेल असं तिचं म्हणणं आहे, आणि गेले चार दिवस दुपारी ती तो घोकते आहे.